क्रूझ कंट्रोल आणि आमचे भावोजी

आमचे भावोजी फ्रिजच्या दुकानात विक्री बघतात, त्यामुळे जगातली झाडून सगळी यंत्रं आपल्याला कळतात अशी त्यांची ठाम समजूत आहे. फ्रिजचंही त्यांना फक्त दार उघडता येतं, हे ताईला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. पण ताई चारचौघांत बोलणाऱ्यातली नव्हती.

माझी गाडी जुनी, बाबांनी वापरलेली. उजव्या घोट्यात धातूची पट्टी बसल्यापासून तिच्यातलं क्रूझ कंट्रोल हाच माझा आधार. मी दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात एक्स-रे काढते, रोज हमरस्त्याने जाते. वेग ठरवून बटण दाबलं की पाय काढून घ्यायचा, गाडी त्याच वेगाने धावत राहते. ब्रेकला पाय लागला की ते सुटतं. हल्ली मात्र पाय न लावताच सुटायला लागलं होतं. रस्त्यात जरा खड्डा आला की संपलं! घरी येईपर्यंत घोटा टम्म सुजलेला असायचा.

गाडी मेकॅनिककडे टाकणार, तेवढ्यात भावोजींना कळलं.

"घरचा माणूस असताना मेकॅनिक?" म्हणत रविवारी ते नवेकोरे हातमोजे चढवून हजर झाले. बॉनेट उघडून आत असे रोखून बघत राहिले, जणू इंजिनच घाबरून कबुली देणार होतं.

"कॉम्प्युटर गेलाय," त्यांनी निकाल दिला.

"कुठला?" मी विचारलं.

"मेन."

मग त्यांनी स्टिअरिंगवरचं झाकण काढलं, निम्मा डॅशबोर्ड उचकटला आणि पुन्हा ठोकून बसवला. हॉर्न मुका झाला. मूठभर स्क्रू उरले. "कंपनीवाले उगाच जास्तीचे घालतात," म्हणून ते त्यांनी खिशात टाकले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो. आमचे भावोजी हातमोजे घालतात, इतकाच फरक.

चाचणीसाठी ते माझी गाडी घेऊन पुढे निघाले. मागून त्यांच्या गाडीत आम्ही दोघी. चालवत होती ताई. जरा वेळाने ती म्हणाली, "अगं, हे सारखा ब्रेक का मारतायत? रस्ता तर मोकळा आहे."

मी बघितलं. गाडीला गचका बसला की मागचे लाल दिवे लुकलुकायचे. खड्डा, की दिवे. खड्डा, की दिवे.

त्यांना थांबायला लावलं. ताईने खिडकीतून विचारलं, "अहो, ब्रेकवर पाय ठेवला होता का?"

"मी काय नवशिका आहे? तू स्वयंपाकघर सांभाळ, मला गाडी बघू दे."

ताईने काच वर घेतली. मला मात्र पुरेसं कळलं होतं: पाय नसताना दिवे लागत होते, म्हणजे ब्रेक दाबल्याचा खोटा निरोप कुठून तरी जात होता. मी दार उघडून पायांच्या जागेत डोकं घातलं. ब्रेकच्या दांडीवर एक छोटा स्विच होता. त्याचा नट सैल पडला होता, स्विच बोटाने हलत होता. डिकीतला पाना घेऊन मी तो जागेवर आणून आवळला. भावोजी तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून पाणी पीत होते.

परत येताना मी चालवत होते. क्रूझ कंट्रोल एकदाही सुटलं नाही. मी पाय लांब केला आणि मोठ्याने हसले.

पुढच्या आठवड्यात ताईकडे जेवायला तिच्या सासरची मंडळी होती. भावोजींनी पहिल्याच घासाबरोबर सुरुवात केली. "हिच्या गाडीचा दोष कुणाला सापडेना. मी नुसतं ऐकून ओळखलं. स्विच! मेकॅनिकने लुबाडलंच असतं हिला."

मी कपाळाला हात लावला. ताईने वाढता वाढता डाव खाली ठेवला.

"खोटं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या बहिणीने केलंय ते. तुम्ही केलं असेल, तर गाडी दारात उभी आहे. जा, स्विच दाखवा."

कुणाचाच घास तोंडात जाईना. भावोजी हसले, इकडेतिकडे बघितलं, कुणी सोडवेना म्हणून उठले. मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली. फार अदबीने दिली.

भावोजींचे मामा खिडकीपाशी बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी मान लांब केली. "सूनबाई, हा मागच्या चाकापाशी बसून काय शोधतोय?"

"तुम्ही जेवा मामा," ताई म्हणाली. "सापडलं की येतील."