थोरलीचा तिसरा बीम

तात्यांना तात्या हे नाव हँगरने, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमधल्या लोकांनी, दिलं ते त्यांच्या तिशीतच. माणूस तेव्हापासूनच आजोबांसारखा बोलायचा, करता काय. आता निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि नाव अंगाला बरोबर बसलं होतं. काम विमानं तपासण्याचं. मेकॅनिकने उघडायचं, दुरुस्त करायचं, आणि तात्यांनी डोळ्यांत तेल घालून बघून कागदावर सही करायची. त्या सहीशिवाय विमान जागचं हलत नसे.

कंपनीकडे सहा जुनी विमानं होती. त्यांतलं सगळ्यात जुनं सव्वीस वर्षांचं, त्याला सगळे थोरली म्हणत. थोरलीचे नखरे तर विचारूच नका. नवं विमान तपासणीला आलं की चार दिवसांत बाहेर. थोरली आली की तीन-तीन आठवडे मुक्काम. एक स्क्रू काढायला जावं तर तो आतच तुटायचा. तुटका काढायला जावं तर भोक मोठं व्हायचं. भोकाला पट्टी मारायची म्हटलं, तर त्या मापाची पट्टी बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. वर इंधन प्यायची ते वेगळंच. हेड ऑफिसने तिच्यापुढे हात टेकले होते. विकावी तर कुणी घेईना आणि ठेवावी तर परवडेना.

शेवटी जुन्या विमानांचा खर्च कुठे कुठे जातो ते शोधायला हेड ऑफिसने एक मुलगी पाठवली. ती तात्यांची सख्खी भाची. लहानपणी सुट्टीत मामाकडे आली की हँगरच्या फाटकाला लटकून विमानं बघत बसायची, हलवल्याशिवाय हलायची नाही. पुढे हिशेबाचं शिकली आणि विमान कंपनीतच चिकटली, ती मामाच्या नादानं, असं तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटायची. तात्या वरवर "काहीतरीच तुझं" म्हणायचे, पण आतून त्यांना गुदगुल्या व्हायच्या.

हँगरच्या वरच्या मजल्यावर जुन्या कागदांची खोली होती. तिथे आठवडाभर धूळ खाऊन झाल्यावर एका सकाळी भाची जिना उतरून जवळजवळ पळतच आली.

"मामा, घबाड सापडलंय."

तिने एक कागद पुढे धरला. पाच वर्षांपूर्वीचा, थोरलीच्या मागच्या किचनखालच्या तपासणीचा. आता विमानातलं किचन म्हणजे काय, तर चहा-कॉफीची यंत्रं आणि ट्रॉल्यांची कपाटं. पण तिथे रोज काही ना काही सांडतं, ते फटींतून खाली झिरपतं, आणि खाली जे आडवे बीम असतात, ज्यांच्यावर वरचा सगळा भार असतो, ते त्या ओलीनं सडत जातात. विमान जितकं जुनं तितकं हे जास्त. म्हणून दर पाच वर्षांनी अख्खं किचन उपसायचं, तळ उघडायचा आणि एकेक बीम हात लावून बघायचा, असा नियम.

"बाकीच्या पाच विमानांना या कामाला सत्तर-सत्तर तास लागलेत," भाची म्हणाली. "थोरली त्या सगळ्यांत म्हातारी, आणि ती तू पाच तासांत मोकळी केलीस. तुझीच सही आहे. कसं काय जमवलंस?"

तात्यांनी कागदावरची तारीख बघितली.

त्या दिवशी झालं होतं ते असं. सुट्ट्यांचा हंगाम, बाकीची दोन विमानं बिघडून पडलेली, आणि थोरली दुसऱ्या सकाळी उडालीच पाहिजे असा वरून घोषा. मेकॅनिक होता पहिलवान, नावालाच पहिलवान, फुंकर मारली तर उडेल असा. तो म्हणाला, "तात्या, किचन उपसायचं म्हणजे तीन दिवस गेले." मग तात्यांनी तळातलं एक छोटं झाकण काढलं आणि त्या भोकातून टॉर्च आणि दांडीचा आरसा आत घातला. पहिला बीम चकचकीत दिसला. दुसराही चकचकीत. तिसरा दिसतच नव्हता, मध्ये एक जाड पाइप येत होता. मान वाकडी करून, आरसा फिरवून त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला, आणि मग लिहून टाकलं: 'सर्व बीम तपासले. ठीक.'

चौतीस वर्षांत तेवढी एकच खोटी सही. कुणाच्या लक्षात आली नाही, तात्यांच्या डोक्यातून मात्र गेली नाही. जेवताना मध्येच आठवायची आणि घास गोड लागायचा नाही. पुढच्या वेळी नीट उघडू, असं स्वतःला समजावत त्यांनी पाच वर्षं काढली.

आणि आता भाची समोर उभी होती, फाटकाला लटकायची तेव्हाच्याच डोळ्यांनी बघत.

"अगं, अनुभव असतो," तात्या म्हणाले. "भोकातून आरसा घातला की कळतं आतलं. शंका आली तरच उघडायचं, नाहीतर कशाला उगाच."

ठरवून नाही बोलले. ती कौतुकानं बघत होती आणि तोंडातून निघून गेलं. तात्यांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल, यापेक्षा जास्त म्हणता येणार नाही.

चारच दिवसांनी मोठ्या साहेबांनी तात्यांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. आजवर या केबिनमध्ये तात्यांनी उभ्यानंच बोलणी खाल्ली होती. टेबलावर भाचीचा अहवाल होता. साहेबांनी त्यातलं एक पान बोटानं ठोकलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आरसा पद्धत'.

"तात्या, इतकी वर्षं ही कला लपवून ठेवलीत होय? आम्ही नवी विमानं घ्यायच्या विचारात होतो. पण जुनी जर अशी तासांत तपासून होणार असतील, तर सहाच्या सहा आणखी पाच वर्षं सहज चालतात. नियमात बदल करायला अर्ज करतोय. पुढच्या सोमवारी कागद वर जातील."

"साहेब, ते जरा..." तात्या म्हणाले.

"लाजता काय, तुमचंच नाव टाकलंय."

तात्या चहा पिऊन खाली आले. तो चहा त्यांना विषासारखा लागला. एक भोक, एक आरसा, एक न दिसलेला बीम. त्याची आता पद्धत झाली होती. सहा विमानं, प्रत्येकात दीडशे माणसं, आणि कुणीही तळ उघडून बघणार नव्हतं. का, तर तात्या म्हणाले म्हणून. त्यांना इतकी शरम वाटली की हात धुवायच्या नळापाशी कुणी नसतानाही त्यांनी समोरच्या आरशात बघायचं टाळलं.

खरं सांगून टाकावं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण माणूस आधी चोरवाट शोधतो. थोरली त्या आठवड्यात हँगरमध्येच होती, आणि किचनखालची पाच वर्षांची तपासणी परत आली होती. या वेळी आधी आरसा लावून बघा, मगच उघडायचं की नाही ते ठरवा, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. तात्यांनी मनात ठरवलं, काहीतरी निमित्त काढून तळ उघडायला लावू. आत काही निघालं तर निघालं, मग उघडल्याशिवाय भागत नाही हे आपोआप सगळ्यांना पटेल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलवानासमोर त्यांनी भोकातून आरसा घातला. पहिला बीम चकचकीत, दुसरा चकचकीत, पुढे तोच पाइप.

"डाग दिसतोय," तात्या म्हणाले. "उपसा किचन."

किचन उपसायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाच्या फळ्या निघाल्या, आणि पहिलवान गुडघ्यांवर बसून आत वाकला. तिसऱ्या बीमवर पांढरट भुगा साचला होता. धातूला पापुद्रे सुटले होते. पहिलवानानं स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, तर ते भिजलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं.

तात्यांनी हात लावून बघितलं. बोटं पांढरी झाली. हे काही महिन्याभराचं काम नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार. पाच वर्षं याच्यावर जड ट्रॉल्या फिरत होत्या, पोरीबाळी उभ्या राहून माणसांना पाणी देत होत्या, आणि खाली तात्यांची सही होती. ते तिथेच पायरीवर बसले.

पहिलवान जवळ आला आणि हळूच म्हणाला, "तात्या, तेव्हा हा दिसला नव्हताच ना?"

"नाही दिसला."

"मग झालं तर. आज तुम्हाला दिसला, देवासारखे धावलात. आपण कशाला काही बोलायचं?"

पहिलवानाचा हेतू चांगला होता. तात्यांना मात्र त्यानं थोबाडीत मारली असती तर जास्त बरं वाटलं असतं.

बातमी वर गेली आणि मोठे साहेब स्वतः खाली उतरले. हँगरमधली तीस-चाळीस माणसं जमली. बीम बघून साहेबांचा चेहरा आधी उतरला, कारण थोरली आता सहा आठवडे तरी जमिनीवरच बसणार होती. पण मग ते वळले आणि त्यांनी तात्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बघितलंत? इतक्याशा भोकातून, नुसत्या आरशात, यांना डाग दिसला. याला म्हणतात नजर. जे उघडायला हवं तेच उघडलं. आरसा पद्धतीला याहून मोठा पुरावा कुठला हवा?"

माणसांनी टाळ्या वाजवल्या. भाचीनं सगळ्यांत जोरात वाजवल्या आणि मोबाइलवर फोटो काढला: उघडा तळ आणि शेजारी मामा. तात्यांना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. चोरवाटेनं पळायला गेले आणि थेट मिरवणुकीत सापडले. कालपर्यंत पद्धत कागदावर होती. त्यांच्या दुसऱ्या खोट्यानं आज ती सिद्ध झाली.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. पोरीनं फोटो पाठवला होता. "दादा, नाव काढलंस. ती म्हणते, मामा नसता तर मोठा घात झाला असता." तात्या नुसते हूं हूं करत राहिले. बायकोनं विचारलं काय झालं, तर डोकं दुखतंय म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

सोमवारी सकाळी कामाला जाऊन ते कपडे न बदलताच वरच्या मजल्यावर गेले. भाची कागदांच्या गठ्ठ्यात बसून लॅपटॉपमधल्या अहवालावर शेवटचा हात फिरवत होती. मामाला बघून तिनं खुर्चीवरच्या फायली उचलून जागा केली.

"बरं झालं आलास. बाराला पाठवायचाय. तुझा फोटो पहिल्याच पानावर घेतलाय."

"पाठवू नकोस," तात्या म्हणाले, आणि बसले नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वीचा पाइप सांगितला. न दिसलेला बीम, त्याच्यावर केलेली सही, आणि गेल्या आठवड्यात डाग दिसला म्हणालो तेही खोटं. "पद्धत-बिद्धत काही नाही ग. मी उघडलं नव्हतं, एवढीच ती पद्धत. सत्तर तास लागतात म्हणजे सत्तरच लागतात."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं होतं की ओझं उतरेल. तसं काहीच झालं नाही. भाची रागावली नाही, रडली नाही. तिनं पहिल्या पानावरचा फोटो पुसून टाकला.

"पहिलवानाला माहीत होतं?"

"त्याला ओढू नकोस. सही माझी आहे. मोठ्या साहेबांकडे मी स्वतः जातो, आत्ताच. तू फक्त ते कागद थांबव."

"थांबवते." तिनं एक कोरा कागद पुढे ओढला. "मामा, थोरलीवर तुझ्या आणखी किती सह्या आहेत?"

"असतील हजार-बाराशे."

"आणि बाकीच्या पाच विमानांवर?"

तात्यांच्या तेव्हा कुठे लक्षात आलं, ती काय विचारते आहे ते. त्यांचा आवाज एकदम चढला. "अगं, त्या सगळ्या खऱ्या आहेत. थंडीत बर्फासारख्या पंखावर पोटावर पडून बघितलंय मी. ताप अंगात असताना बघितलंय. ही एक सोडली तर एकही न बघता केलेली नाही. तुझ्या आईची शपथ घेऊन सांगतो."

भाचीनं पेन हातात घेतलं होतं. तिला अहवाल नव्यानं लिहायचा होता आणि त्यात तात्यांच्या नावापुढे काहीतरी भरायचं होतं, कुठलं काम झालेलं धरायचं आणि कुठलं पुन्हा उघडायचं. तिनं अगदी मनापासून विचारलं, टोमणा म्हणून नव्हे.

"मला कसं कळणार, मामा?"

तात्या दाखवायला काहीतरी शोधू लागले. टेबलावर, कपाटांत, छतापर्यंत गेलेल्या गठ्ठ्यांत त्यांची चौतीस वर्षं होती, आणि प्रत्येक कागदाच्या खाली तीच सही होती.