मेरिटबाबाचा गुलाबी तळवा

लातूरला त्या साली दोनच रांगा होत्या. एक नळाची, दुसरी मेरिटबाबाची. नळाची रांग पाणी गेलं की मोडायची. मेरिटबाबाची मोडायचं नाव घेत नव्हती. औसा रोडवरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडात सकाळपासून बारावीची पोरं, त्यांचे आईबाप, आणि ज्यांच्या घरात बारावीला कुणीच नाही असेही लोक उभे. भूकंपाला अडीच वर्षं झाली होती. जमीन हलायची थांबली, तर आता क्लासवाल्यांनी गाव हलवायला घेतलं होतं. ज्याला त्याला मेरिट पाहिजे होतं, आणि परीक्षेला उरले होते पंधरा दिवस.

"तळवा पुढं करा, तळवा!" ढेरपोट्या चेला हणमंत ओरडायचा. बाटलीतलं बिनरंगाचं 'चंदनपाणी' तो तळव्यावर चोळायचा. वास चंदनाचा कमी, दवाखान्याचा जास्त. मग वाघाचं चित्र असलेल्या ब्लँकेटवर बसलेले बाबा डोळे मिटायचे.

"ॐ हायड्रोजनाय नमः! ॐ ऑक्सिजनाय नमः! बेंझिनवलयाय स्वाहा!"

आणि तांब्यातलं तीर्थ ओतायचे. तळवा झाला गुलाबी! "मेरिट!" हणमंत गरजायचा. ते गुलाबी पाणी वाटीत धरायचं, वर चंदनपाण्याचे दोन चमचे घालायचे आणि एका घोटात प्यायचं.

या रांगेत, शेडाच्या दारातल्या भेळवाल्याची भेळ खात, राघवेंद्र उभा होता. कंधारच्या मास्तराचा पोरगा. सोबत मन्मथ आणि जिक्रा. मन्मथ औशाकडच्या खेड्यातला. भूकंपात त्याची आई गेली, घर गेलं, बाप अजून पत्र्याच्या शेडात राहायचा. जिक्रा घड्याळं दुरुस्त करणाऱ्या जिलानीचाचांची लेक. तिघं चाचांच्या ओसरीवर बसून केमिस्ट्री करायची. गाईड एकच होतं. तिघांनी ते शिवणीतून फाडून तीन वाटे केले होते. ज्यानं त्यानं आपला वाटा पाठ करायचा आणि दुसऱ्या दोघांना शिकवायचा. राघवकडं पहिला वाटा, आणि शिकवण्यातही तोच पहिला. मन्मथ त्याला दिवसातून वीसदा विचारायचा, "राघव, हे कसं काय रे?" आणि राघवला ते लई गोड लागायचं.

प्रॅक्टिकलचं जर्नल मात्र तिघांनी मागच्या सालच्या एका पोराचं बघून उतरवलं होतं, रीडिंगासकट. लातुरात ते कुणी चुकीचं मानत नव्हतं. वेळ वाचायचा.

मन्मथचा तळवा गुलाबी झाला. जिक्राचा झाला. राघवनं हात पुढं केला. चंदनपाणी, मंत्र, तीर्थ. तळवा कोरा! बाबांनी पुन्हा तीर्थ ओतलं. कोराच.

"कोरा!" हणमंत जरा हळूच म्हणाला.

बाबांनी डोळे वटारले. "ह्याच्यात खोट हाय. जो ह्याच्यासंगं बसंल त्याचंबी मेरिट जाईल."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर राघवची चटई नव्हती.

"राग मानू नको," जिक्रा खाली बघत म्हणाली. "अम्मी म्हणते, पंधरा दिवसांचा तर सवाल हाय."

"आन् गाईडाचे बाकीचे दोन वाटे?"

"तुझा तू ठेव की. आमचे आम्ही ठिवतो," मन्मथ म्हणाला.

म्हणजे राघवकडं राहिली एक तृतीयांश केमिस्ट्री. ऑरगॅनिकचं एक पान नाही, इनऑरगॅनिकचं नाही. तेवढ्यावर पास व्हायचेही वांधे. पण खरं जळत होतं ते वेगळंच. समोर जिक्रा वही घेऊन बसली होती आणि विचारत होती, "मन्मथ, हे कसं काय रे?" मन्मथला! ज्याला परवापर्यंत मोल आणि मोलॅरिटी एकच वाटत होती, त्याला!

क्लासात तर कहरच झाला. सकाळी फिजिक्सच्या तासाला गुलाबी तळव्यांची पोरं एकामागं एक करंगळी वर करून बाहेर पळू लागली. सरांनी शेवटी परवानगी देणंच सोडलं, नुसतं दाराकडं बोट दाखवायचे.

"पाप निघून राहिलंय," पोटावर हात धरून परत आलेला मन्मथ म्हणाला. "महाराज म्हणलेच व्हते."

अख्ख्या बाकावर एकटा राघव ठणठणीत बसला होता. त्याला त्यांच्या जुलाबाचाही हेवा वाटला.

मन्मथ रोज जायचा आणि रोज एक वाटी प्यायचा. चौथ्या दिवशी राघवला राहवेना. एवढ्या ढ पोराचा हात रंगतो आणि माझा नाही? हाताला काही लागलं असणार म्हणून त्यानं कपड्याच्या पिवळ्या साबणानं दोन्ही तळवे रगडले. कोपरापर्यंत फेस आला, आणि नळ गेला. लातूरचा नळ तो. मग त्यानं फेस टॉवेलला पुसला, साबण पिशवीत टाकला आणि तसाच शेडाकडं निघाला.

हणमंतनं चंदनपाणी लावलं. तळवा तिथंच गुलाबी! फिका नाही, चांगला लग्नातल्या फेट्यासारखा. बाबांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"महाराज," हणमंत कुजबुजला, "ह्याचं तर आधीच झालं."

बाबांचा एक डोळा उघडला. दोन क्षण तेही गडबडले. मग हात वर करून ओरडले, "मंत्राविना मेरिट! हा बोर्डात पहिला! ह्याच्या हाताचं तीर्थ घ्या रे!"

लोक पाया पडायला धावले. राघवला शेडाचं छत ठेंगणं वाटायला लागलं. जिक्रा तोंडावर हात ठेवून बघत होती. आणि मन्मथ वाटी घेऊन आला. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले.

"राघव, चुकलो बाबा. तुझं तीर्थ दे. म्या तर पुस्तक बांधून ठिवलो. महाराज म्हणले, वाचायची गरजच न्हाई."

राघव तळव्याकडं बघत राहिला. आज काय वेगळं केलं? साबण. आणि तळवा कोरा राहिला त्या दिवशी? रांगेत भेळ खाल्ली होती आणि लिंबू आपल्याच हातानं पिळलं होतं. लिंबू, साबण. साबण, लिंबू. आणि डोळे मिटून चाळीस वेळा घोकलेली ओळ टाळक्यावर आपटल्यासारखी आठवली: कलरलेस इन ॲसिड, पिंक इन बेस. लिंबू ॲसिड, साबण बेस!

गप्प बसलं तर सगळं मिळत होतं. चटई, दोन वाटे, 'हे कसं काय रे'. आणि मन्मथ आणखी चार वाट्या प्याला तर पेपरापर्यंत पोचणारही नव्हता. खरं सांगायचं तर, एक क्षण राघवला ही कल्पना वाईट वाटली नाही. मग मन्मथनं दोन्ही हातांनी वाटी पुढं धरली आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"भेळवाले काका, एक लिंबू द्या!"

त्यानं ते तळव्यावर पिळलं. गुलाबी रंग गायब! शेड गार. पिशवीतून साबण काढून चोळला. पुन्हा गुलाबी! पुन्हा लिंबू, पुन्हा गायब.

"बघा, माझं पुण्य येतंय आन् जातंय!"

"चंदनपाणी कसलं, हे तर फिनॉल्फ्थॅलिन!" जिक्रा किंचाळली. "जर्नलचं पान बारा! आन् तांब्यात चुन्याची निवळी हाय, बुडाला चुना दिसून राहिला!" मग तिनं पोट धरलं. "या अल्ला! अब्बांच्या जुलाबाच्या गोळीच्या पाकिटावर हेच नाव हाय!"

ज्यांनी ज्यांनी वाट्या प्यायल्या होत्या त्या सगळ्यांच्या तोंडावर एकदम उजेड पडला.

"नास्तिक पोरं!" बाबा उठले.

"तसं आसंल तर तुम्हीच एक वाटी प्या की महाराज," जिक्रा म्हणाली.

"न्हाई न्हाई!" हणमंत मध्ये पडला. "महाराजांचं पोट हळवं हाय. बीएस्सीला असतानाच बिघडलं ते."

हसण्याचा फवारा उडाला. बाबांनी शेवटचा डाव टाकला. "मूर्खांनो, भूकंप मला तीन दिवस आधी दिसला व्हता!"

हसू थांबलं. मन्मथ पुढं झाला. त्याचा आवाज अगदी साधा होता.

"तीन दिवस आधी दिसला व्हता?"

"दिसला व्हता!"

"मग आमच्या गावात येऊन सांगितलं का न्हाई? औशाहून यष्टी येती की आमच्याकडं."

  बाबा मागं सरले, तांब्याला अडखळले, बाटलीवर पडले, आणि पांढऱ्याशुभ्र धोतराला मागून बोर्डात पहिला येण्याइतका गुलाबी रंग चढवून औशाच्या दिशेनं पळत सुटले. मागं हणमंत.

त्या संध्याकाळी चाचांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मन्मथला ओसरीवर निजवलं. राघव त्याच्या उशाशी बसून होता.

"म्या तुझ्यावर जळत व्हतो," तो म्हणाला.

"ठावं हाय," मन्मथ डोळे मिटून म्हणाला. "आता वाचून दाखीव. जळत जळत वाच."

निकालात मन्मथला केमिस्ट्रीत राघवपेक्षा दोन मार्क जास्त पडले. राघव पुन्हा जळला. पण या वेळी त्याला कारण माहीत होतं: मन्मथनं जर्नलमधला प्रत्येक प्रयोग परीक्षेआधी कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन स्वतःच्या हातानं करून बघितला होता.

आणि तुम्ही, वाचणारे. पाठ केलेलं विज्ञान डोळ्यांसमोर उभं राहिलं तरी आपण त्याला ओळखत नाही, त्याच्या पाया पडतो. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, बाटलीत काय आहे? खरा माणूस बाटली तुमच्या हातात देईल. जो रागावेल, त्याच्या वाटीतलं काही पिऊ नका.