शेवटच्या अक्षराला चिकटलेली ओळ

हॉल खचाखच भरला होता. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक भिंतींना टेकले, भिंती संपल्या तेव्हा दारात दाटले. समोर मोठा पडदा, पडद्यावर एका मेलेल्या बाईच्या टिपणांची अकरा ओळींची फाइल, आणि पडद्याखाली काचेच्या पेटीत कुलूपबंद ठेवलेला कीबोर्ड. पेटीची किल्ली पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त न्यायाधीशांच्या खिशात होती. मग काय, शंका घ्यायला जागाच नाही!

"मोजा!" लेखणीबाबा म्हणाला. बाबानं उभ्या आयुष्यात लेखणी हातात धरली नव्हती, पण नाव पडलं ते पडलंच.

लोकांनी एका सुरात ओळी मोजल्या. अकरा.

"कीबोर्ड कुठं आहे?"

"पेटीत!"

"आणि माझे हात?" त्यानं दोन्ही हात वर केले. "बाळांनो, देह थांबतो, फाइल थांबत नाही. आत्म्याला बोटं लागत नाहीत, चार्जिंग लागत नाही, पासवर्ड तर नाहीच नाही! मिटा डोळे."

हॉलनं डोळे मिटले. मिनिटभरानं पडद्यावरचं पान पुन्हा उघडलं, आणि खाली बारावी ओळ होती. 'मी सुखात आहे. मशीनला तेल घालत जा.'

पुढं बसलेला शिंपी ओक्साबोक्शी रडायला लागला. फाइल त्याच्या बायकोची होती. दोन महिन्यांपूर्वी ती बाई याच हॉलमध्ये, त्याच खुर्चीवर बसायची. तेव्हा पडद्यावर त्यांच्या मेलेल्या मुलीची फाइल असे. एका शनिवारी मुलीच्या फाइलीत ओळ आली, 'आई, हृदयाच्या गोळ्या सोड, इथलं पाणी पी.' बाईनं गोळ्या सोडल्या, बाटलीतलं पाणी प्यायली आणि पंधरा दिवसांत गेली. आता तिची स्वतःची फाइल वाढत होती. लोक म्हणायचे, केवढं भाग्य!

हॉलच्या मागच्या टोकाला धाकटी उभी होती. तिला घरात सगळे धाकटीच म्हणत, केस पिकायला लागले तरी. शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत अठरा वर्षं ती सर्व्हरवरचे प्रोग्राम लिहीत होती. घराघरांतल्या मीटरचे आकडे येतील तसे फाइलींच्या शेवटी जोडत जायचं, हे तिचं रोजचं काम. आज ती ताईच्या हट्टापायी आली होती. ताईचा एकुलता मुलगा चार महिन्यांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याच्या टिपणांची एक फाइल ताईनं बाबाच्या स्वाधीन केली होती.

त्याची फाइल लागली. ताईची बोटं धाकटीच्या मनगटात रुतली. नवी ओळ आली: 'आई, सकाळची सुई सोडलीस, बरं वाटलं. संध्याकाळचीही टोचते गं. पुढच्या शनिवारी सांगतो.'

ताईला लहानपणापासून इन्सुलिन लागत होतं. सकाळचं सोडून तिला बारा दिवस झाले होते. ओठांना भेगा पडल्या होत्या, श्वासाला नासक्या फळासारखा वास येत होता. डॉक्टर धाकटीला बाजूला घेऊन म्हणाले होते, "दुसरंही सोडलं तर तीन दिवस. फार तर चार. मी दाखल करायला तयार आहे, पण त्या सहीच करत नाहीत."

घरी आल्यावर ताईनं बाबाकडून मिळालेला छापील कागद टेबलावर पसरला. धाकटी ओळीमागून ओळ वाचत गेली आणि एका ओळीवर अडकली. 'गुरुवारी प्रयोगशाळेची वही परत करायचीआई, तुझ्या सुया मला टोचतात.' पोराचं शेवटचं वाक्य आणि बाबाचं पहिलं, मध्ये ना पूर्णविराम ना मोकळी जागा. पुढच्या ओळी मात्र सुट्या, शिस्तीत.

ही चूक धाकटी ओळखत होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिनं स्वतः केली होती. फाइलीच्या शेवटी आधी एंटर नव्हता, तिच्या प्रोग्रामनं नवा आकडा जुन्याला नेऊन चिकटवला, आणि एका म्हाताऱ्याच्या घरात महिन्याभरात अख्खं तळं खपल्याचं दिसलं. साहेबांनी त्या आकड्याचा कागद वर्षभर भिंतीवर लावून ठेवला होता.

"ताई, हे त्यानं नाही लिहिलं. प्रोग्रामनं जोडलंय."

"पेटीला कुलूप होतं. मी स्वतः बघितलं."

"फाइल त्या कॉम्प्युटरमध्ये असती तर कुलूप कामाचं. ती दूर सर्व्हरवर आहे. कुठल्याही मोबाइलवरून दोन शब्द पाठव, तिथला प्रोग्राम फाइल उघडतो, जुन्याला हात न लावता शेवटी नवं जोडतो आणि मग एंटर मारतो, म्हणून पहिलंच वाक्य तेवढं चिकटतं. मीही करते रोज."

"तुला येतं म्हणून तो लिहीत नाही असं कसं होईल?" ताई शांतपणे म्हणाली. "त्याला माझ्याशी बोलायचंय, तर तो तुझ्या प्रोग्रामातूनसुद्धा बोलेल."

मुद्दा बिनतोड होता, आणि बोलणाऱ्या तोंडाला तो वास येत होता. धाकटीला संताप आला, रडूही आलं. दोन्ही गिळून ती म्हणाली, "बरं. मग परीक्षा घेऊ. तूच घे. आपल्याला भाऊ नव्हता ना?"

"नव्हता."

"एक करूया."

बुधवारी दोघींनी मिळून भाऊ केला. ताईनं सांगितलं, धाकटीनं टाइप केलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा, त्याला मांजरं आवडायची नाहीत, आंघोळीला तासभर लावायचा. सांगता सांगता ताईला चार महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. शेवटची ओळ होती, 'खिडकीचा पडदा बदलायचा आहे'. धाकटीनं मुद्दाम एंटर मारला नाही.

"आता ऐक. बाबा खरा असेल तर म्हणेल, असा कुणी आत्माच नाही. खोटा असेल तर भाऊ बोलेल. आणि बोलला तर त्याचं पहिलं वाक्य या 'आहे'ला चिकटून येईल. हे तुझ्या हातानं लिही आणि पाकीट बंद कर."

ताईनं लिहिलं, पाकीट चिकटवलं. "भाऊ बोलणार नाही," ती ठामपणे म्हणाली. "आणि मग शनिवारी माझा मुलगा सांगेल ते मी करणार. तू मध्ये पडायचं नाहीस."

धाकटीनं मान हलवली. ताईचा जीव पणाला लावल्यासारखं तिला वाटत होतं, आणि वाटण्यात चूकही नव्हती.

फाइलीबरोबर हॉलच्या दारात फॉर्म भरून द्यावा लागे. मृताचं नाव, नातं, आणि घरातल्यांची चालू औषधं. "आशीर्वादासाठी," तिथली बाई गोड हसून म्हणाली. धाकटीनं स्वतःला दमा लावून घेतला आणि लिहिलं, 'श्वासाचा पंप'.

शनिवारी पडद्यावर भाऊ आला. लोकांनी मोजलं, आठ ओळी. न्यायाधीशांनी किल्ली वर करून दाखवली. बाबानं डोळे टिपले. "फार प्रेमळ जीव. कधीचा दारात उभा आहे बहिणीसाठी. मिटा डोळे!"

धाकटीनं डोळे मिटले नाहीत. माइकच्या यंत्रामागं बसलेल्या टकल्या माणसाचा अंगठा मोबाइलवर चालत होता.

पान उघडलं. ओळी आठच होत्या, पण आठवी लांबली होती: 'खिडकीचा पडदा बदलायचा आहेछोटे, तो पंप सोड. माझा श्वास तुझ्या छातीत आहे.'

हॉल हळहळला. ताई मात्र उभी राहिली. तिनं पाकीट फाडलं, आतलं वाचलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं.

"आम्हाला भाऊ नाही," ती म्हणाली. मग पुन्हा मोठ्यानं म्हणाली. "आम्हाला भाऊच नाही! बुधवारी माझ्या स्वयंपाकघरात जन्मला तो!"

बाबा सावरला. "आत्मे वाट चुकतात, माई. कुणीतरी दुसरा…"

"दुसरा असेल तर त्याला माझ्या न झालेल्या दम्याचा पंप कसा माहीत?" धाकटी पुढं आली. "तो फक्त तुमच्या फॉर्मवर आहे. मंडळी, आपापले कागद काढा. आपल्या माणसाचं लिहिणं संपतं आणि यांचं सुरू होतं ती जागा बघा. ज्यांच्या माणसानं शेवटी एंटर मारला नव्हता, त्यांची ओळ चिकटलेली असेल. प्रोग्राम शेवटच्या अक्षरापाशी जाऊन पुढं लिहीत सुटतो, तिथं ओळ संपली की नाही ते बघत नाही. मेलेली इतकी माणसं एकच चूक कशी करतील? लिहिणारा हात एकच आहे. तो बघा, माइकच्या मागं."

कागद सळसळले. "चिकटलंय!" एकजण ओरडला. मग दुसरा, मग तिसरा. टकल्यानं मोबाइल खिशात घालायला बघितलं, पण शेजारच्यानं त्याचं मनगट धरलं. पडद्यावर आलेलं ते वाक्य मोबाइलवर 'पाठवा' या बटणाच्या वर अजून दिसत होतं. न्यायाधीश हातातल्या किल्लीकडं बघत खाली बसले. बाबा मागच्या दाराकडं सरकला. तिथं लोक आधीच पोचले होते. पोलीस यायला वीस मिनिटं लागली.

त्या वीस मिनिटांत शिंपी धाकटीपाशी आला. त्याच्या हातात दोन कागद होते, मुलीचा आणि बायकोचा.

"बाई, मग गोळ्या सोडायला हिला कुणी सांगितलं?"

धाकटीनं माइकच्या यंत्राकडं बोट केलं.

"मी वाचून दाखवली होती तिला ती ओळ," शिंपी म्हणाला. "तिला चष्म्याशिवाय दिसायचं नाही. ती नको म्हणत होती. मीच म्हटलं, लेक सांगतेय तर ऐक."

धाकटी त्याच्या शेजारी बसली. मग उठून तिनं माइक घेतला आणि एवढंच म्हणाली, "जी फाइल एकाला वाढवता येते, ती कुणालाही वाढवता येते. पडद्यावर अक्षर दिसलं की आधी विचारा, हे कुणी लिहिलं, कुठून लिहिलं, आणि मी ऐकलं तर कुणाचा फायदा. विचारल्यानं आपली माणसं दूर जात नाहीत. आणि औषध सोडायचं तर ते डॉक्टरांना विचारून. मेलेल्यांना नाही आणि बाबालाही नाही."

ताई सहा दिवस दवाखान्यात होती. घरी आल्यावर तिनं मुलाच्या कॉम्प्युटरवरची मूळ फाइल उघडायला सांगितली. शेवटी तीच ओळ होती: 'गुरुवारी प्रयोगशाळेची वही परत करायची'. पुढं काही नाही.

"एवढंच?"

"एवढंच, ताई."

"पुढं काय लिहिणार होता?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

ताई बराच वेळ रडली. मग डोळे पुसून कीबोर्ड पुढं ओढला. "मी लिहिलं खाली तर चालेल?"

"चालेल. पण आधी एंटर मार."

ताईनं एंटर मारला आणि एका बोटानं, अक्षर शोधत लिहिलं: 'इथून पुढं आईनं लिहिलं आहे. सकाळचं इंजेक्शन घेतलं.'