डाव्या वायरीतली गुणाबाई

अंकिताच्या पहिल्या अल्बममध्ये आठ गाणी आहेत. पहिल्या सातांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. ती ठरल्याप्रमाणे झाली. आठव्यात माझी चूक झाली, आणि ती चूक मी कॉलेजात ध्वनिमुद्रण शिकवताना दोन वर्षं मुलांना फळ्यावर काढून दाखवत होते.

कॉलेज सोडून मी पनवेलजवळ सुकापूरला छोटा स्टुडिओ काढला. तळमजल्यावरचा फ्लॅट, भिंतींना फोम, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या दुपारी बारा ते एक. अंकिता विचुंब्याची. गेली पाच वर्षं तिची हळदीची गाणी पनवेल-उरणच्या मांडवांमध्ये वाजतात. एकेक सुटं गाणं, तीन मिनिटं, दणदणीत ठेका. या वेळी तिला पूर्ण अल्बम करायचा होता. नावही ठरवून आली होती, ‘आगर’.

“चारुताताई, माझ्या गाण्यावर लोक नाचतात,” ती म्हणाली. “एकदा त्यांनी बसून ऐकायला हवं.”

आठवं गाणं हळदीचंच, पण जुन्या पद्धतीचं. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती झेलायची. झेलायला तिने आपल्या आत्याला, गुणाबाईला, आणि आत्याच्या चार मैत्रिणींना आणलं. गुणाबाई चौसष्ट वर्षांची. तरुणपणी शिरढोणपासून उरणपर्यंत तिला हळदीला गायला बोलवायचे. मग मांडवात डीजेचे मोठे स्पीकर, म्हणजे बॉक्स, आले आणि बोलावणी थांबली.

“बॉक्सपुढं बाईमानसाचा गला चालत नाय,” तिने मला सांगितलं. “पंधरा वर्सं मी मांडवान नुसती जेवाला जाते.”

पहिल्या दिवशी पाचही जणी माइकसमोर रांगेत उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या प्रार्थनेसारखं गायल्या. सूर बरोबर, पण ऐकवेना. हेडफोन लावायला गुणाबाईने साफ नकार दिला. “घोऱ्याला झापरं लावतात तशी? नाय गो बाय.”

दोष कुठे आहे ते जनीबाईने सांगितलं. ती पाच जणींत सगळ्यात धाकटी, म्हणजे अठ्ठावन्न. “हात रिकामं हायेत. रिकाम्या हातानं कदी गायलोय आमी?”

हळदीचं गाणं हळद दळताना, वाटताना म्हणायचं. पण जातं माइकसमोर ठेवलं असतं तर जात्याशिवाय काहीच ऐकू आलं नसतं. बिनआवाजाचं काम हवं होतं. दुसऱ्या दिवशी अंकिता दोन किलो भिजवलेले, मोड आलेले वाल घेऊन आली. पाच जणी सतरंजीवर गोल बसल्या, मध्ये परात, मी माइक वरून टांगला. बिरडं सोलायला आवाज होत नाही. सालं परातीबाहेर पडू लागली, एकमेकींच्या सुनांची चौकशी झाली आणि अंकिताने मध्येच ओळ टाकली. पाच जणींनी ती वर न बघता झेलली. पहिल्याच वेळी झालं. संध्याकाळी आमच्या घरी बिरडं होतं, शेजारच्यांकडेही.

“तुजं काम झालं?” जाताना गुणाबाईने विचारलं.

“झालं. ऐकता?”

“आत्ता नाय. दिपेशची हळद हाय पुढच्या म्हयन्यान. मांडवान बॉक्सवर ऐकेन. बॉक्सनं माजा आवाज खाल्लाय ना, आता त्याच्याच तोंडून काढायचाय.” दिपेश हा तिचा नातू.

अंकिताची एकच मागणी होती: ऐकणाऱ्याला आपण त्या पाच जणींच्या मधोमध बसलोय असं वाटलं पाहिजे. मी त्यांच्या आवाजाची एक प्रत डाव्या बाजूला ठेवली आणि एक उजव्या बाजूला. उजवी मात्र उलटी करून. डावा स्पीकर जेव्हा हवा पुढे ढकलतो तेव्हा उजवा तितकीच मागे ओढतो. कानाला फसवायची ही जुनी युक्ती आहे, आवाज एकदम रुंद होतो. हेडफोनवर ऐकून अंकिता रडली. मी ते स्टुडिओत ऐकलं, गाडीत ऐकलं, फोनला हेडफोन लावून ऐकलं. मांडवात ऐकलं नाही.

हळदीच्या आठ दिवस आधी अल्बम आला. अंकिताच्या नेहमीच्या लोकांनी विचारलं, “ताई, यातलं डीजेवालं कंचं?” तीन दिवसांनी सूर बदलला. शारजाहून कुणीतरी लिहिलं, आठवं गाणं हेडफोन लावून ऐका, आईच्या घरात बसल्यासारखं वाटतं. अंकिताने ते मला चार वेळा पाठवलं. गुणाबाईने तेवढ्या दिवसांत साऱ्या नातेवाइकांना फोन केले: हळदीला लवकर या, बॉक्सवर मी हाय.

संध्याकाळी सात वाजता मांडव भरला होता. दिपेश पाटावर, बायका वाटी घेऊन तयार. साऊंड पनवेलच्या तौसीफचा. मी मागे त्याच्या टेबलाजवळ उभी होते. गुणाबाई पुढच्या खुर्चीत, नवी हिरवी साडी, दोन्ही हात मांडीवर.

तौसीफने आठवं गाणं लावलं. अंकिताची ओळ मांडवभर घुमली, ‘वयनी गो, हलद कंच्या शेतान पिकली’. मग नुसता ढोल. पाच जणींच्या जागी काहीच नाही.

मला लगेच कळलं. मांडव लांबट असतो. एका टोकाला बायका, दुसऱ्या टोकाला पुरुष. डावं एकीकडे आणि उजवं दुसरीकडे दिलं तर प्रत्येकाला अर्धंच गाणं मिळेल, म्हणून इकडचे सगळे साऊंडवाले दोन्ही बाजू एकत्र करून सगळ्या बॉक्सना तेच देतात. पुढे ढकलणं आणि तितकंच मागे ओढणं एकत्र केलं की बाकी शून्य. अंकिताचा आवाज मधोमध होता, तो वाचला. त्या पाच जणींच्या दोन प्रती नेमक्या एकमेकींना खाऊन गेल्या.

“आमी कुटं हाव गो?” जनीबाई मोठ्याने म्हणाली.

गुणाबाईने मान वळवून अंकिताकडे पाहिलं. “मना काढलंस?”

“आत्ये, नाय गो! शप्पत!”

दुसरी ओळ आली. पुन्हा मोकळी जागा. कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांना ती मोकळी जागा सहन झाली नाही, सवयीने त्यांनी ओळ झेलली. तिसऱ्या ओळीला दहा जणी होत्या. पाचव्या ओळीला पुरुषसुद्धा. मांडव दणाणून गेला. तौसीफ खूश. “क्या बात है, मॅडम! जागा मुद्दाम सोडलीत ना? हिट है ये.”

अंकिताचा चेहरा उजळला होता, आणि तेवढ्यात तिने आत्याकडे पाहिलं. सगळा मांडव गात होता आणि एकटी गुणाबाई तोंड मिटून बसली होती.

“तौसीफभाई, उजवी वायर काढा. ती लाल,” मी म्हणाले.

“चालू गाण्यात? खाट्कन आवाज होईल. नवरदेवाचे मामा मला इथेच पिवळं करतील. संपू द्या.”

म्हणून मी गुणाबाईजवळ जाऊन खाली बसले. “चूक माझी आहे. अंकिताने तुम्हाला काढलेलं नाही. तुमचा आवाज गाण्यात आहे. दोनदा आहे, म्हणून ऐकू येत नाही.”

ती माझ्याकडे वाकली. “दोनदा हाय, म्हनून आयकू येत नाय?”

“हो.”

“किती शिकलीस म्हनालीस?”

मी सांगितलं. तिने जनीबाईकडे पाहिलं. जनीबाईने पदराने तोंड झाकलं, खांदे हलत होते.

गाणं संपलं. तौसीफने लाल वायर उपटली, आवाज थोडा वाढवला आणि गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. अंकिताची ओळ आली. मागोमाग बॉक्समधून पाच जणी आल्या, भरड, सावकाश, आणि सगळ्यांच्या वर एक आवाज, थोडा नाकातला, कडेला घासलेला.  मग सवय लागलेल्या लोकांनी पुढची ओळ झेलायला तोंडं उघडली, तशी गुणाबाई खुर्चीवरून ताडकन उठली.

“गप ऱ्हावा! मी गाते हाय ना तिथं! आयका!”

दोनशे माणसं गप्प बसली. दिपेशच्या एका गालाला हळद लागली होती, दुसऱ्यासाठी त्याची आई हात वर धरून तशीच थांबली. गुणाबाई बॉक्सच्या समोर, अगदी दोन हातांवर जाऊन उभी राहिली आणि पूर्ण गाणं तिने तसंच ऐकलं. इतक्या जवळ उभं राहू नये, कानाला वाईट. 

संपल्यावर ती वळली. “बरी गायलेय,” ती म्हणाली. “दमानं घेतलेय.” मग तौसीफला, “परत लाव.”

दुसऱ्या दिवशी मी गाणं नीट केलं, जेणेकरून पाच जणी मांडवातही ऐकू येतील, आणि जुनं उतरवून टाकलं. आठवड्याभरात तौसीफचा फोन आला. इतर साऊंडवाले विचारत होते, ती मोकळ्या जागेची कॉपी मिळेल का, लोक मागतायत. मी अंकिताला विचारलं. ती म्हणाली, मी कोण सांगणारी, आत्येला विचार.

मी विचुंब्याला गेले. गुणाबाई ओट्यावर बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“दे त्यांना,” ती म्हणाली. “लोकांना गायाला पायजे तर गाऊं दे. पन तौसीफला सांग, पयलं माजं लावायचं. मंग त्यांचं.”

आता तसंच लावतात. तौसीफ सांगतो, काही मांडवांत लोक पहिल्याच वेळी गायला लागतात. मग तो गाणं थांबवतो आणि माइकवर सांगतो, थांबा, आधी गुणाबाई.