उपाशी पोटी

जयमालाबाईंनी फडक्यात बांधलेली भाकरी घाईघाईने पिशवीत कोंबली, पण दीपाने ती पाहिलीच होती. शॉकच्या दिवशी पेशंटच्या पोटात पाण्याचा थेंबही जाता कामा नये, असं मोनिका सिस्टरने बजावलं होतं. त्यामुळे बाई एरवी व्हरांड्यात जाऊन दोन घास खायच्या. आज उठायलाच उशीर झाला होता, ते राहून गेलं होतं.

"आई, मला दे."

"काय?"

"भाकरी."

जयमालाबाई जागच्या जागी खिळल्या. हे मागणं ऐकायला त्यांचे कान दोन वर्षं आसुसले होते. श्रीरामपूरला घरी दीपाच्या ताटातली भाकरी कधी कोंबड्यांपुढे सापडायची, कधी गादीखाली. हातापाया पडून झालं, चापटा मारूनही झाल्या. बारावीतली पोर पार काडी झाली, तेव्हा सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिला नगरच्या या दवाखान्यात आणली.

"हृदय थकलंय तिचं," डॉक्टर म्हणाले होते. "मन ताळ्यावर आलं तर भूक परत येईल. मेंदूला शॉक देऊन बघू. खात्री मात्र मी देत नाही."

दोन शॉक झाले होते. दोन्ही वेळा शुद्धीवर आल्यावर दीपा नुसती छताकडे बघत पडली होती. आज तिसरा होता.

"आत्ता न्हाई बाळा. शॉक झाला की लगेच देते."

"मग नको."

नंतर म्हणजे कधीच नाही, हे बाई पुरतं ओळखून होत्या. द्यावी तर आजचा शॉक बुडणार, आणि न द्यावी तर ही पुन्हा मागेल याचा काय भरवसा? त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि खाटेवर फडकं सोडलं.

दीपाने चतकोर तोडून घेतला आणि सावकाश चावून गिळला. बाईंना तरी विश्वास बसेना. त्यांनी उशी उचलून पाहिली, चादर झटकली आणि शेवटी ओशाळून म्हणाल्या, "तोंड उघड."

दीपाने तोंड उघडलं. आत काही नव्हतं.

तेवढ्यात सिस्टर स्ट्रेचर ढकलत आली. "काही खाल्लं नाही ना हिने?"

गप्प बसावं, असं बाईंना क्षणभर वाटलं. पण शॉकआधीच्या भुलीत अन्न छातीत गेलं तर पोर हातची जाईल, हेही सिस्टरनेच सांगितलं होतं.

"खाल्लं. मीच दिली भाकरी."

सिस्टरने कपाळाला हात लावला. डॉक्टर आले, त्यांनी दीपाची नाडी पाहिली. "आजचा शॉक रद्द. परवा बघू," एवढंच बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

रिकामं स्ट्रेचर परत गेलं, तसा दीपाने मोठा सुस्कारा सोडला. तो ऐकून बाईंना सगळं उमगलं.

"तुला भूक न्हवती."

"नव्हती." दीपा चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मागच्या शॉकनंतर तू समोर उभी होतीस, अन् मला तुझं नाव आठवेना. लई भ्याले मी."

बाई स्टुलावर बसल्या. फसवलं म्हणून राग यायला हवा होता, तो येईना. पोरीची कीव तेवढी दाटून आली.

"मग बोलायचं हुतंस माझ्यापाशी. डॉक्टरांना इचारलं असतं आपण."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि फडकं बांधायला हात पुढे केला. दीपाचा हात आधीच तिथे होता. आज शॉक टळला होता, आता तिला खायची काही गरज उरली नव्हती. तरी तिची बोटं भाकरीच्या कडेवर थांबली होती.

जयमालाबाईंनी पटकन मान खिडकीकडे फिरवली. दोन वर्षं त्यांनी हिच्या प्रत्येक घासावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता. खाली अंगणात कुणी बाई धुणं वाळत घालत होती. त्या तिच्याकडेच बघत राहिल्या.

पाठीमागे बाजरीची कडक भाकरी मोडल्याचा आवाज झाला. त्यांनी वळून पाहिलं नाही.