दारापर्यंत चालून दाखवा

मित्रांनो, मी एक जुना कृत्रिम पाय आहे; डावा, गुडघ्याखालचा. माझी वाटी, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो खोलगट भाग, एका रंगाऱ्याच्या मापाने घडवली गेली. उंच भिंत रंगवताना परांची कोसळली, त्याच्या पायाचा चेंदामेंदा झाला आणि तो कापावा लागला. त्या जागी मी आलो.

रंगारी मोठा हट्टी. पडत-धडपडत तो माझ्यासह असा चालू लागला, की गल्लीतले लोक म्हणत, "ओळखूसुद्धा येत नाही हो!" मी मनातून फुगून जायचो. पण शिडी चढणे त्याला जमेना. हातचे काम गेले. बायकोच्या शिवणकामावर घर कसेबसे चालले होते. शेवटी सरकारी मदतीसाठी त्याला अपंगत्वाच्या तपासणीला बोलावणे आले.

दवाखान्याच्या बाकावर बायको हळूच म्हणाली, "अहो, आज जरा लंगडत चाला."

"नाटक करू? मला नाही जमायचं."

"मग बसा ताठ मानेने घरी!"

तेवढ्यात आतून हाक आली आणि दोघे आत गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दारापर्यंत चालून दाखवा."

माझा जीव टांगणीला लागला. एकदा तरी अडखळावे, असे वाटत होते. पण रंगारी सवयीने ताठ चालला.

"वा, छान चालता की!" डॉक्टरबाईंनी पेन उघडले. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या शाबासकीसाठी मी इतका झिजलो, तीच आज त्याच्या मुळावर उठली होती.

मला काढताना रंगारी बायकोकडेही पाठ फिरवत असे. आज मात्र तो सर्वांसमोर खुर्चीवर बसला आणि त्याने माझे पट्टे सोडले.

"बाई, नाटक करणार नाही. पण हे बघा."

त्याने मोजा उतरवला. उरलेल्या पायाची कातडी सोलवटून निघाली होती. माझीच कड त्याला रोज चावत होती.

"अगंबाई! मला का नाही सांगितलंत?" बायको कळवळली.

"तुला आधीच काय कमी घोर आहे?"

डॉक्टरबाई खाली वाकून जखम पाहू लागल्या. "मी काढायला सांगणारच होते. अपंगत्व मोजायचं ते तुमच्या पायाचं, या खोट्या पायाचं नाही. मदत मिळेल तुम्हाला. पण जखम भरेपर्यंत हा घालायचा नाही."

रंगारी दवाखान्याने दिलेल्या कुबड्यांवर बाहेर पडला. बायकोने मला काखेत धरले होते. रस्त्यावरचे लोक वळून वळून बघू लागले.

"पदराखाली घेऊ का याला?" तिने विचारले.

"नको," तो म्हणाला. "बघू देत."

मित्रांनो, एखादा नीट चालताना दिसला, तर त्याला शाबासकी जरूर द्या. पण दुखतंय का, हेही एकदा विचारा.