चार उंड्यांचं घर

पाहणीचे फॉर्म घरी बसून भरणं हा गुन्हा आहे, असं आपल्याकडे कुणी मानत नाही. मुलं भरतात, वडील निरनिराळ्या शाईची पेनं आणून देतात आणि एखादी हौशी मावशी दोन-चार सह्याही ठोकून देते. सिद्धीला तर पेन आणून देणारंही कोणी नव्हतं. गोव्यातल्या पार्सेची ही मुलगी शिकण्यासाठी डिचोलीत खोली घेऊन एकटी राहत होती. अठरा खोटे फॉर्म तिनं एका दुपारी, खिडकीशी बसून, एकटीनंच भरले.

तिचा प्रकल्प होता ‘गावातले वृद्ध आणि त्यांचा एकटेपणा’. सर्वण गावातल्या चाळीस घरांत जाऊन माहिती आणायची होती. सुरुवातीला समीक्षा तिच्या जोडीला होती. पण दोन रविवार उन्हातून पायपीट झाल्यावर समीक्षानं गोड बोलून दुसऱ्या गटात नाव घातलं. मग सिद्धी एकटीच फिरू लागली. कुठे कुत्रं अंगावर यायचं, कुठे पडवीतूनच ‘घरात कोण नाय’ असं उत्तर यायचं. बाविसाव्या घरानंतर तिचे पाय पुढे जाईनात.

मग तिनं युक्ती काढली. सकाळी पाव घेऊन येणारा पदेर सायकलवरून भोंगा वाजवत जातो आणि फाटकांवर टांगलेल्या पिशव्यांत उंडे, म्हणजे गोल पाव, टाकतो. माणशी एक उंडा, हा इथला साधा हिशोब. सिद्धी रस्त्यावरूनच पिशव्यांकडे बघत गेली आणि खोलीवर येऊन फॉर्म भरले. सत्ताविसाव्या घराच्या पिशवीत चार उंडे होते. तिनं लिहिलं, ‘घरातील माणसे: चार. एकटेपणा: नाही.’

शुक्रवारी कॉलेजात प्रगतीचा आढावा होता. तिनं लिहिलेलं पान प्रकल्प बघणाऱ्या गोपाळ सरांनी वाचलं. ‘काम समाधानकारक झाले. कोणतीही अडचण आली नाही.’

“चाळीसपैकी चाळीस घरं!” सर म्हणाले. “तुला एकही दार बंद मिळालं नाही? मी तीस वर्षं मुलांना गावात पाठवतोय, पण असं गाव अजून पाहिलं नाही. बरं, हे सत्ताविसावं घर. त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव काय?”

सिद्धीनं खाली मान घालून पिशव्यांची गोष्ट सांगून टाकली.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“हे बघ, लोकांनी चुकीची उत्तरं दिली तर चालतं. ती त्यांची असतात. ही उत्तरं तू दिलीस. आणि ही यादी कपाटात पडून राहणार नाही, पंचायतीत जाणार आहे. एकट्या राहणाऱ्या माणसांकडे दर आठवड्याला आरोग्यसेविका जाईल, असं त्यांनी ठरवलंय. ज्याला तू चार माणसांत बसवलंस, त्याच्या दारात कोण जाणार, सांग!”

“पण सर, सोमवारी सगळं द्यायचं आहे...”

“मग अर्धं काम झालंय असं लिहून दे. मार्क कमी पडतील, पडू देत. आढावा म्हणजे शाबासकी मागायचा अर्ज नव्हे!”

रविवारी सकाळी सिद्धीनं सत्ताविसाव्या घराचं फाटक उघडलं. पदेर नुकताच येऊन गेला होता. पडवीत पांढऱ्या केसांची एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्या सुलोचनाबाई.

“कोण गो तू? मतां मागूक इलंस?”

“नाय आजी, मी कॉलेजातलंय. थोडे प्रश्न विचारूचे होते.”

“विचार मगे. पयली बस. च्या ठेवतंय.”

“घरात किती माणसां, आजी?”

“चार,” बाईंनी चटकन सांगितलं आणि त्या आत गेल्या.

सिद्धी पाठोपाठ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. मोरीपाशी एकच ताट पालथं घातलेलं होतं. एकच पेला, एकच वाटी. मागच्या दारी शेजारची गाय येऊन उभी होती. बाईंनी एक उंडा बशीत ठेवला आणि उरलेले तीन मोडून गाईपुढे टाकले. गाईला हे रोजचंच असावं, तिनं मानही वर केली नाही.

“आजी, बाकीची माणसां खंय गेली?”

बाई चुलीकडे वळल्या. चहा खाली उतरवता उतरवता त्या बोलल्या.

“हे गेल्याक तीन वर्सां झाली. झील आणि सून पुण्याक. पण मी एकच उंडो घेतलो तर पदेर विचारतलो. पदेराक कळला की वाड्यार कळतला. मगे सगळे येवन कीव करतले, नायतर कोणच येवचो नाय. माका दोनय नको.”

सिद्धीनं फॉर्मवरचा अकरावा प्रश्न विचारला. “काल दिवसभरात तुम्ही कोणाकोणाशी बोललात?”

“पदेर भोंगो वाजयता. ‘चार मां गे आजी?’ म्हणान विचारता. मी ‘चार’ म्हणतंय. तेवढाच बोललंय.” मग त्या हळूच म्हणाल्या, “बाय, कागदार चारच लिही हां.”

अरेरे! दिवसभरात एकच शब्द, आणि तोही खोटा! सिद्धीच्या हातातलं पेन थांबलं. ‘चार’ लिहिणं किती सोपं होतं. म्हातारीचं मन राखलं जाणार होतं आणि स्वतःचा जुना फॉर्मही खरा ठरणार होता. पण मग या दारात कोणीच येणार नव्हतं.

“आजी,” ती म्हणाली, “माझी आय रोज सांजेक फोन करता. मी सांगतंय, मैत्रिणींवांगडा जेवलंय. माका हंय एकय मैत्रीण नाय. मी पण चारच सांगतंय.”

सुलोचनाबाईंनी बशीतल्या उंड्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तिच्यापुढे सरकवला.

“लिही मगे, एक. माझा नावय घाल थंय.”

सोमवारी सिद्धीनं नवा आढावा दिला. ‘चाळीसपैकी तेवीस घरं झाली. सतरा फॉर्म मी खोटे भरले होते, ते फाडले. मला लोकांच्या दारात जायची भीती वाटत होती.’ मार्क कमी पडलेच. पण सरांनी तिला तीन आठवडे वाढवून दिले. त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा तिनं पहिल्यांदाच खरं सांगितलं आणि पोटभर रडली.

पुढच्या रविवारी ती सुलोचनाबाईंच्या पडवीत बसली असताना भोंगा वाजला.

“चार मां गे आजी?” पदेरानं फाटकातून विचारलं.

“नाय रे,” सुलोचनाबाई मोठ्यानं म्हणाल्या. शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं! “आज दोन घाल. घरात मी एकटीच आसंय. दुसरो ह्या चेडवाक.”

मंडळी, आपल्याही वाड्यावर असं एखादं घर आहे. फाटकावर पिशवी टांगलेली आहे, ओट्यावर दिवा लागतोय, म्हणजे सगळं ठीक चाललंय असं समजून आपण रोज पुढे जातो. कागद भरायला तेवढं पुरतं, पण माणसाची खबर त्यातून मिळत नाही. ती हवी असेल तर फाटक उघडावं, आत जाऊन बसावं आणि समोरचा ‘चार’ म्हणाला, तरी लगेच उठू नये.